आळणी घरातले तपासनीस

जिभेवर विजय मिळवणं हा मनुष्यजन्मातला सर्वांत मोठा विजय होय. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते कोपरगावातल्या माझ्या घरमालकांच्या तोंडून. ते निवृत्त शिक्षक, विषय विज्ञान. वाक्य उच्चारताना ते माझ्या डब्याचं झाकण उघडून आत पाहत होते.

"लोणचं," ते म्हणाले. आवाजात शोध लागल्याचा आनंद होता.

"हो. आईनं दिलंय."

"कुठं खाता?"

"जेवताना."

"जागा विचारतोय मी, मॅडम. वर तुमच्या खोलीतच ना? खाली येत नाही ना ते?"

मी तेव्हा तिथल्या कॉलेजात नुकतीच शिकवायला लागले होते आणि सरांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला होता. भाडेकरारात असतात ती सगळी कलमं आमच्या करारात होती. पण एक जास्तीचं कलम तोंडी होतं: वरच्या मजल्यावरचा खारट पदार्थ जिना उतरणार नाही. माझ्या आधीचा भाडेकरू पापडाच्या प्रकरणात गेला, असं मला नंतर कळलं. तपशील कुणी सांगितला नाही.

कारण तसं गंभीर होतं. सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, एकदा पोळ्या लाटता लाटता खाली बसल्या आणि त्यांना उठताच येईना. दवाखान्यात नेल्यावर कळलं की रक्तदाब भलताच वाढला होता. अर्धांगवायूचा झटका होता, पण हलका. त्यातून काकू बऱ्या झाल्या. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी अजून झोपलेली आहेत, असं त्या म्हणायच्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, मीठ कमी करा. दाब असाच राहिला तर पुढचा झटका हलका असेलच असं नाही. यातलं शेवटचं वाक्य सर कधीच कुणाला सांगत नसत. मीठ कमी करा, हे मात्र अख्ख्या गावाला सांगत.

खरं तर त्यांनी तेही नीट ऐकलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते 'कमी'. सरांनी आयुष्यभर उत्तरं बरोबर किंवा चूक अशीच तपासली होती. 'कमी' ही त्यांना पळवाट वाटली. दवाखान्यातून घरी आल्या दिवशी त्यांनी मीठ बंदच करून टाकलं.

सरांच्या स्वयंपाकघरातल्या बरण्यांना चिठ्ठ्या होत्या. फार पूर्वीपासून. साखरेवर 'सुक्रोज', मिठावर 'सोडियम क्लोराईड', खायच्या सोड्यावर 'सोडियम बायकार्बोनेट', सगळं वळणदार अक्षरात. हळदीचं शास्त्रीय नाव चिठ्ठीत मावलं नव्हतं, म्हणून ते झाकणावर गेलं होतं. काकूंना डोळे मिटूनही हवी ती बरणी सापडत असे. त्यामुळे या चिठ्ठ्या नेमक्या कुणासाठी होत्या हे मला कधी कळलं नाही. झटक्यानंतर मिठाच्या चिठ्ठीखाली लाल शाईनं 'वर्ज्य' असा शब्द आला.

बरणी घराबाहेर मात्र गेली नाही. घरातलं मीठ संपू द्यायचं नसतं, यावर काकू ठाम होत्या. "बिनमिठाचं खाईन, बिनमिठाच्या घरात राहणार नाही. त्यापेक्षा बेलापूरला भावाकडं जाते," असं त्यांनी सांगितलं. सरांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. बेलापूरच्या मेहुण्यावर तर अजिबातच नव्हता. मग त्यांनी तोड काढली. बरणीतलं मीठ सपाट करायचं आणि त्यावर बोटानं एक षटकोन काढायचा, आत एक वर्तुळ. बेन्झिनची आकृती. कुणी चिमूट जरी उचलली तरी आकृती मोडणार. रोज दुपारी ते झाकण उघडून षटकोन बघत, मान हलवत आणि झाकण लावत. बँकेतला माणूस तिजोरी बघतो तसे.

जेवणानंतर काकूंनी जीभ दाखवायची. मीठ खाल्लेली जीभ वेगळी दिसते, असं सरांचं म्हणणं होतं. कशी दिसते, हे मी एकदा विचारलं.

"अनुभवानं कळतं," ते म्हणाले.

काकू जीभ दाखवत. आत गेलेल्या गोळीचा पुरावा म्हणून मग जीभ वर उचलूनही दाखवत. त्यांचा चेहरा अशा वेळी फार शांत असे. इतक्या शांत चेहऱ्याचा मला संशयच यायचा.

एकदा संक्रांतीला त्यांनी मला जेवायला थांबवलं. ताटं मांडली. चटणी, कोशिंबीर डावीकडं, भाजी उजवीकडं. ताटाच्या वरच्या बाजूला, जिथं सगळ्यांत आधी मीठ वाढतात, तिथं दोन बोटं जागा मोकळी सोडली.

"हे काय?" सर म्हणाले.

"मिठाची जागा."

"मीठ नाही ना आपल्यात?"

"मीठ नाही. जागा आहे."

"जागा कशाला मग?"

"देवाच्या ताटात मीठ वाढत नाहीत, ते देव म्हणून. मी काही देव नाही झाले अजून. तुम्ही लवकर करणार असाल तर सांगा."

सरांनी ताट पुढं ओढलं. भाजी वांग्याची होती आणि तिला कसलीच चव नव्हती. मी 'छान झालीये' म्हणाले. सरांनी लगेच माझ्याकडं संशयानं पाहिलं, कारण त्या घरात 'छान' याचा अर्थ कुणीतरी काहीतरी घातलंय असा होत असे.

बाहेरचं जग तर त्यांच्या मते या कटात पूर्ण सामील होतं. पाव, बिस्किटं, चीज, सॉस, सगळे. ते पुड्यांच्या मागचा बारीक मजकूर भिंगातून वाचत आणि कंपन्यांना उद्देशून 'हंऽ' असं म्हणत. लग्नात ते आपला डबा नेत. तेवढ्यानं भागलं असतं. पण राहात्याच्या एका लग्नात ते थेट भटारखान्यात घुसले आणि वरणात मीठ किती घातलं, ते आचाऱ्याला विचारू लागले. आचारी कढईत झारा फिरवत होता. त्यानं वरही पाहिलं नाही.

"अंदाजानं घातलं, गुर्जी."

"अंदाज म्हणजे किती?"

"नवरीच्या बापानं चव घितली, गप ऱ्हायला. तेवढं."

शेजारचे आबा रोज संध्याकाळी सरांच्या ओट्यावर येऊन बसत. कॅनॉलच्या पाण्यावर ऊस करणारे शेतकरी. जास्त पाणी देऊन देऊन त्यांचं खालचं वावर खारवटलं होतं. उन्हाळ्यात ढेकळांवर पांढरा थर यायचा. त्याच वावराच्या कडेला काढलेली मेथी ते काकूंना आणून देत. सर तिचं एक पान तोडून चघळत आणि डोळे मिटून उभे राहत.

"आबा, मेथी खारट लागते."

"मेथी कडू आसती, गुर्जी."

"जमिनीतला क्षार पानात उतरतो. शास्त्र आहे."

"मंग माझा ऊस खारट लागाया पायजेल. फॅक्टरीवाल्यांनी कदी तक्रार न्हाई केली." आबांनी तंबाखू मळत काकूंकडं पाहिलं. "वैनी, ह्या मानसाला येकदा चांगलं खारं वांगं खाऊ घाला. डोस्कं ठिकान्यावर यील."

"घालते की. पण मग जीभ कोण तपासणार?" काकू आतून म्हणाल्या.

आबा गेल्यावर सरांनी मेथी तीन पाण्यांतून धुवायला लावली. मेथीवर विश्वास नाही, आबांवर नाही, डॉक्टरांवर तर मुळीच नाही. डॉक्टर त्यांचाच विद्यार्थी होता. गावातली निम्मी माणसं त्यांचे विद्यार्थी होती, आणि प्रत्येकाकडं बघताना सरांच्या डोळ्यांपुढं त्याची उत्तरपत्रिका येत असे.

"रसायनशास्त्रात जेमतेम पास झालेला मुलगा हा," ते मला म्हणायचे. "आता माझ्या बायकोच्या रक्ताचं बघतोय."

"दुसरे डॉक्टर बघा मग."

"दुसरा नापास झाला होता."

मला सरांचाच संशय यायला लागला, तो शेंगदाण्याच्या फोलपटांमुळं. रोज संध्याकाळी ते फिरायला जात. नदीपर्यंत, असं सांगून जात. येताना त्यांच्या स्वेटरवर लालसर फोलपटं चिकटलेली असत आणि ते येताच तांब्याभर पाणी पीत. नदीकडून येणाऱ्या माणसाला इतकी तहान का लागावी, हे मला कळेना. जिभेवर विजय मिळवलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत. त्यांचा विजय बहुधा दुसऱ्याच्या जिभेवर असतो, असं माझं निरीक्षण आहे.

एकदा बाजारात फरसाणाच्या दुकानाशी ते मला दिसले. दुकानदारानं न विचारताच कागदावर चिमूटभर शेव ठेवली. सरांनी ती तोंडात टाकली, डोळे मिटले.

"जास्त आहे," ते म्हणाले.

दुकानदारानं मुकाट्यानं पापडी पुढं केली. ती पण जास्त निघाली. मग खारे दाणे. मग मसाला डाळ. सगळीकडं जास्त होतं. शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "सर, उद्या परत तपासा. आज गिऱ्हाईक खोळंबलंय."

सरांनी मला पाहिलं. जराही गडबडले नाहीत.

"नमुने घेत होतो," ते म्हणाले. "लोकांना काय खाऊ घालतात, कुणीतरी बघायला हवं."

तिथून ते बेकरीत गेले. नमुन्याला.

आता काकूंच्या सोड्याचं सांगायला हवं. आळणी जेवण त्यांना पचेना. पोट गच्च होतंय, ढेकर येत नाही, अशी त्यांची कुरकुर सुरू झाली. मीठ परत आणायचं ही सूचना सरांना त्यात लपलेली दिसली. तिला उत्तर म्हणून त्यांनी स्वतः उपाय सुरू केला. दोन्ही वेळच्या जेवणानंतर पेल्यात कोमट पाणी, त्यात लिंबू, आणि वरून चमचाभर खायचा सोडा. पेला फसफसून वर आला की ते तो उजेडात धरत.

"बघ. कार्बन डायऑक्साईड."

"दिसला," काकू म्हणत आणि घटाघट पिऊन टाकत.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सरांनी स्वयंपाकघरात स्वतःच्या हातानं काही करून त्यांना दिलं ते हेच पहिलं. चहासुद्धा नाही. काकूंना तो सोडा अजिबात आवडत नसे. त्या एकदा भांडी विसळताना मला म्हणाल्या, "साबणाचं पाणी प्यायल्यासारखं लागतं गं. पण ते इतकं निगुतीनं करतात, चमचा बाराखडी गिरवल्यासारखा गोल गोल फिरवतात. नाही कसं म्हणू?"

आणि दाब उतरत नव्हता. गोळ्या चालू, मीठ बंद, तरी दर वेळी डॉक्टर यंत्राकडं बघून ओठ आवळत. मध्ये एकदा गोळी वाढवली. काकूंच्या पायांवर सूज दिसायला लागली. दुपारी काकू आडव्या झाल्या की सर दारातून हळूच डोकावून, त्यांचा पदर श्वासाबरोबर हलतोय का, ते बघत. मी जिन्यावरून हे पाहिलं आहे. नंतर ते स्वयंपाकघरात जाऊन षटकोन बघत.

श्रावणातल्या एका दुपारी षटकोन मोडलेला निघाला.

खालून सरांचा आवाज आला, म्हणून मी उतरले. बरणी ओट्यावर उघडी होती. एका कोपऱ्यातून मूठभर मीठ गेलं होतं.

"मॅडम, तुम्ही?"

"मी नाही."

"मग राहिलं कोण?" ते काकूंकडं वळले. "म्हणजे हे असं चाललंय. मी जगाशी भांडतोय आणि तू घरातच..."

"घेतलं मी," काकू म्हणाल्या.

"खाल्लंस?"

"ओवाळलं. तुमच्यावरून. खुर्चीत झोपला होतात तेव्हा. मीठ, मोहरी आणि मिरच्या. दृष्ट काढली तुमची."

सरांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं. अंधश्रद्धेची चीड आधी आली असावी.

"माझी दृष्ट? मला काय झालंय?"

"आरशात बघा. झोप नाही, अन्नावर वासना नाही. येताजाता लोकांशी भांडण. शेगडीवर टाकलं सगळं, तर मिरच्या नुसत्या जळल्या, ठसका म्हणून आला नाही. बघा किती लागली होती ती."

"याला पुरावा काय? ते मीठ जळलं, पोटात गेलं नाही, याला पुरावा काय?"

काकूंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग जीभ बाहेर काढली.

सरांनी ती तपासली. मला तिथं थांबवेना, पण जाताही येईना. जीभ आत घेऊन काकूंनी बरणीतलं मीठ स्वतःच सपाट केलं आणि म्हणाल्या, "काढा तुमचा षटकोन. मला जमत नाही."

पुढच्या तपासणीला त्यांनी मला बरोबर नेलं. "तू चल," म्हणाल्या, "आमच्या दोघांच्या मध्ये बसायला कुणी तरी पाहिजे." डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. मग खुर्चीत मागं टेकले.

"सर, हा चांगला आकडा नाही. आधीच एक झटका येऊन गेलाय. मला वाटतं, काकूंना नाशिकला दाखवून घेऊ."

सर उठून उभे राहिले. वर्गात उभे राहत तसे.

"नाशिकला नेऊन काही होणार नाही. ती चोरून मीठ खाते."

काकू स्वतःच्या झोपलेल्या बोटांकडं बघत होत्या. त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

डॉक्टरांनी सरांना बसायला सांगितलं नाही. तेवढं धाडस त्यांच्यात नसावं. ते काकूंना म्हणाले, "काकू, सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात जे जे जातं ते सगळं सांगा. पाणीसुद्धा."

काकूंनी सांगितलं. चहा. दोन फुलके. आळणी भाजी, आळणी वरण. ताक, आळणी. दोन्ही वेळा जेवल्यावर सोडा. संध्याकाळी मुरमुरे, आळणी...

"थांबा. कसला सोडा?"

"खायचा. पाण्यातून. पचायला म्हणून हे देतात. स्वतः करतात."

"किती?"

"चमचा. चांगला भरून. काही कमी करत नाहीत हो ते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मान खाली घालून, बाकावर उभं केल्यासारख्या आवाजात त्यांनी विचारलं, "सर, सोडा म्हणजे काय?"

"सोडियम बायकार्बोनेट," सर म्हणाले. उत्तर खणखणीत आलं. वर्षानुवर्षं येत होतं तसं.

"आणि मीठ?"

सरांनी तोंड उघडलं. 'सोडियम' एवढाच शब्द आला आणि पुढचा आलाच नाही. ते हळूहळू खाली बसले.

"मिठातलं जे नको असतं, सर, तेच यात आहे," डॉक्टर फार हळू बोलत होते. "पायाची सूज, दाब, गोळ्या लागू न पडणं. मीठ बंद करून आपण ते दुसऱ्या दारानं आत घेत होतो. आजपासून बंद करू, आठवड्यानं बघू. तुम्हीच शिकवलं होतं, सर. मला तुमच्या विषयातलं तेवढंच आठवतंय."

काकूंनी मान वर केली. "मग ह्याला एवढे कमी मार्क का दिले होते तुम्ही?"

सर काकूंच्या हाताकडं बघत होते. मग त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावरचं पाणी उचललं आणि घटाघट पिऊन टाकलं. ती तहान काकूंनी ओळखली.

"ह्यांचाही बघ रे दाब," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "हे रोज नमुने खातात."

"कसले नमुने?"

"गावातले. सगळे."

पट्टा सरांच्या दंडाला बांधला गेला. त्यांनी विरोध केला नाही. आकडा काकूंच्यापेक्षा मोठा आला. डॉक्टरांनी पुन्हा मोजला. आणखी मोठा आला.

परत येताना रिक्षात आम्ही तिघं होतो आणि मी मध्ये. घरी आल्यावर सर बूट न काढताच स्वयंपाकघरात गेले. लाल शाईची दौत काढली आणि सोड्याच्या चिठ्ठीखाली 'वर्ज्य' लिहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. मग ताट मांडलं गेलं तेव्हा त्यांनी मिठाच्या बरणीचं झाकण काढलं, षटकोनातूनच चार कण उचलले आणि काकूंच्या ताटात, वर, मोकळ्या जागेवर ठेवले.

"थोडं चालतं म्हणालाय तो," ते म्हणाले.

काकूंनी त्या कणांकडं पाहिलं. "राहू द्या. आता सवय गेली."

पण त्यांनी ते ताटातून काढले नाहीत.

एवढं झाल्यावर माणूस सुधारतो, असं वाचकांना वाटण्याची शक्यता आहे. दोन आठवड्यांत सरांनी ओट्यावर आबांसमोर 'खायच्या सोड्याचे छुपे धोके' या विषयावर व्याख्यान दिलं. त्यात हा शोध कुणी लावला, याचा उल्लेख नव्हता. आबा म्हणाले, "गुर्जी, मंग आता भज्यांत काय घालायचं?" आणि व्याख्यान लांबलं.

मी ते घर सोडलं त्याला आता काही वर्षं झाली. मध्ये कोपरगावला गेले होते, तेव्हा दोघांना भेटून आले. काकूंचा दाब ताळ्यावर आहे आणि पायांवर सूज नाही. सरांना मात्र रोज गोळी आहे. सकाळी नऊ वाजता काकू ती देतात, आणि सर आधी जीभ बाहेर काढून आणि मग वर उचलून दाखवतात.